कंट्रोलरबाईंची जोडी

कंट्रोलरबाईंनी पनवेलच्या एसटी स्टँडवर एकोणतीस वर्षं गाड्या पुकारल्या, पण स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेली गाडी कधी पुकारली नाही. फोनवर कुणी काही सांगो, बाई खिडकीतून मान बाहेर काढायच्या, गाडीचं तोंड पाहायच्या, पाटी वाचायच्या आणि मगच माईकला हात लावायच्या. लोक तावातावाने यायचे. "बाई, अलिबाग येणार का नाही?" "मला दिसली नाही." "अहो, पण येणार का?" "दिसली की सांगते. तुम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्यांदा सांगते." माणसं चरफडत बाकावर जाऊन बसायची. पण बाईंचा आवाज आला की पिशवी उचलायची, हे पनवेलमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गाडी असायचीच.

हे आधी सांगते, कारण हल्ली बाईंचा विषय निघाला की लोक म्हणतात, "हां, त्या माशांच्या बाई! छंद होता हो त्यांना." छंद! काडेपेटीवरची चित्रं जमवणं हा छंद. बाई जे करत होत्या ते काम होतं, आणि ते त्यांनी नोकरीइतक्याच निष्ठेने केलं. कुणी शाल दिली नाही, नारळ दिला नाही. नाही दिला ते बरंच झालं. बाईंनी "कशाबद्दल?" म्हणून विचारलं असतं आणि देणाऱ्याला उत्तर देता आलं नसतं.

आमची ओळख झाली ती माझ्या पत्रकामुळे. मी कॉलेजमधून बाहेर पडून दुसरं वर्ष चालू होतं आणि खाडीलगतची दलदलीची खाजणं वाचवायला आम्ही चार-पाच जण स्टँडवर पत्रकं वाटत होतो. एक गठ्ठा मी चौकशीच्या खिडकीत ठेवला. बाईंनी वरचं पत्रक उचललं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माझं पत्रक पूर्ण वाचलेली ती पहिली व्यक्ती असावी.

"'शेकडो जातींचे मासे' असं लिहिलंयस. मोजलेस?"

"अहो बाई, ते आपलं लोकांना गांभीर्य कळावं म्हणून."

"बरं. शेकडो राहू देत. पाच सांग."

मी बोटांवर मोजायला लागले. तिसऱ्या बोटाला म्हटलं, "कोळंबी."

"कोळंबी मासा नाही," बाई म्हणाल्या आणि त्याच दमात माईकमध्ये म्हणाल्या, "महाड, महाड गाडी फलाट क्रमांक चार." मग माझ्याकडे वळून, "सहाला सुटते मी. घरी चल. मासा दाखवते."

पत्रकं लिहिणाऱ्याला विशेषणं फुकट मिळतात, म्हणून आम्ही ती सढळ हाताने वापरतो. त्या दिवशी मला फार राग आला होता. तरी मी गेले.

बाईंची जागा जुन्या पनवेलमध्ये, तळमजल्यावर, दोन खोल्यांची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल शेजारपाजारने पुष्कळ विचार केला होता, बाईंनी केलेला दिसला नाही. बाहेरच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. भिंतभर लोखंडी मांडणी आणि तिच्यावर काचेच्या टाक्या. मला वाटलं होतं, दुकानात ग्लासात ठेवलेले असतात तसले फायटर असतील, लाल-निळे, घागऱ्यासारख्या परांचे. इथे प्रत्येक टाकीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, तळाशी सडकी पानं, आणि मासा एकही नाही.

"बाई, पाणी बदलायचं राहिलंय वाटतं."

बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. "ते पाणी असं करायला मला पंधरा दिवस लागलेत."

ती पानं देशी बदामाची. गळून, लाल होऊन, वाळलेलीच लागत. बाई सकाळी कापडी पिशवी घेऊन शाळेच्या कुंपणाबाहेर ती वेचायच्या. एका आजोबांनी एकदा विचारलं, "कुठल्या देवाला वाहता हो ही?" बाई म्हणाल्या, "आहे एक. पाण्यात राहतो आणि श्वास घ्यायला वर येतो." आजोबांनी हात जोडले होते म्हणे.

मला स्टुलावर बसवून बाईंनी सांगितलं, "हलू नकोस. बोलूही नकोस. तुला जमेल का?" दहा मिनिटांनी एका पानाखालून तो आला. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळपट. ह्याच्यासाठी एवढं? तेवढ्यात त्याने अंग वळवलं आणि काळ्या अंगावर हिरव्या खवल्यांच्या ओळीच्या ओळी पेटल्या. वर आला, हवेचा एक घोट घेतला, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि गेला. हा जंगली बेट्टा, दुकानातल्या फायटरचाच भाऊबंद. थायलंडच्या खाडीकाठच्या दलदलीतला.

"दुकानातले माणसाने केलेले," बाई म्हणाल्या. "हे आपले आपण झालेले."

प्रत्येक टाकीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. कुठल्या दलदलीतून आला, कुणी पकडला, कुणाच्या हातून इथवर पोचला, कितवी पिढी. अक्षर वेळापत्रकासारखं, टपोरं. ज्या जागेचं नाव सर्वांत खालच्या चार टाक्यांवर होतं, ती दलदल भराव घालून बुजवून टाकली होती. "चिठ्ठीतली जागा आता नाही," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी आहे आणि हे आहेत." हे वाण त्यांनी अकरा वर्षं शुद्ध राखलं होतं. हुबेहूब दिसणारा दुसरीकडचा मासा कुणी फुकट देऊ केला तरी त्या घेत नसत. सारखं दिसतं म्हणून ते तेच असतं असं नाही, एवढंच म्हणायच्या. आपल्याकडे माणसं डोंगर कापून त्याला सुधारणा म्हणतात, आणि इथे एक बाई दुसऱ्या देशातल्या बुजवलेल्या डबक्याचा वारसा पगारातून सांभाळत होती. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला फक्त पत्रकाचा मथळा सुचला.

गॅलरीत झाकण लावलेल्या बादल्या होत्या आणि त्यांत डासांच्या अळ्या. माशांचं खाणं. सोसायटीने त्यावरून नोटीस काढली. बाईंनी लेखी उत्तर दिलं : "माझ्या बादलीतील एकही अळी डास होईपर्यंत जगलेली नाही. आपल्या गच्चीवरील टाकीविषयी सोसायटी असे म्हणू शकेल काय?" सेक्रेटरींनी गच्ची तपासली आणि विषय मिटवला. मी अजूनही निवेदन लिहायला बसले की ती दोन वाक्यं आठवते. एकही विशेषण नाही, आणि समोरचा आडवा.

पिल्लं होताना मी पहिल्यांदा पाहिलं तेही त्याच घरी. तरंगत्या पानाखाली नराने बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं, तोंडातून एकेक बुडबुडा काढून, दोन दिवस खपून. मग त्याने मादीला अंगाचा वेढा घातला. वेढा सुटला की बारीक पांढरी अंडी खाली पडू लागत, आणि हा खाली सूर मारून एकेक तोंडात झेलायचा, वर नेऊन घरट्यात ठेवायचा. पुन्हा खाली. पुन्हा वर. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ. बाप आहे. एकही खाली राहू देत नाही." काम संपलं तशी त्यांनी मादीला अलगद काढून वेगळ्या टाकीत ठेवलं. "आता ही थांबली तर हाच तिला फाडेल. चांगला बाप सगळ्यांशीच चांगला असतो असं नाही." सांगताना बाईंचा चेहरा असा झाला होता, की आयुष्यात मला कशाचातरी एवढा अभिमान वाटावा असं मला वाटून गेलं.

दोन वर्षं मी तिथे बसले, पाणी केलं, अळ्या गाळल्या. मग एक दिवस बाईंनी त्या खालच्या टाक्यांतल्या वाणाची एक जोडी माझ्या हातात दिली. "सगळं वाण एका घरात ठेवायचं नसतं. घराला काही झालं तर संपलं. ही तुझ्याकडे राहू दे." त्यांनी ह्याआधी अशी जोडी कुणाला दिली नव्हती. मी छाती काढून गव्हाणला घरी आले. आई म्हणाली, "एवढ्याशा माशाला तळायचा तरी कसा?"

आता पुढचं. मला ते कुणीतरी सांगण्यापेक्षा मीच सांगते.

आमच्या गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक तळं आहे. ते बुजवून तिथे ट्रक उभे करायची जागा होणार होती. ज्याला ती करायची होती त्याने अहवाल दिला होता : 'पावसाचे पाणी साचणारा खड्डा, खाडीशी संबंध नाही.' खड्डा! मी ह्या तळ्यात पोहायला शिकले. सुनावणीची तारीख गणपतीनंतरची होती आणि आमच्याकडे सह्यांशिवाय काही नव्हतं. सह्यांनी काय होतं ते मला चार वर्षांत कळलं होतं. दुर्मीळ प्राणी सापडला तर काम थांबतं, असं मी कुठेकुठे वाचलं होतं. आणि दुर्मीळ प्राणी माझ्या घरात होता.

एका सकाळी मी जोडी तळ्यावर नेली. काठावर फोटो काढले. मग सोडली. काचेतून मोकळ्या पाण्यात जाताहेत, असंही मी स्वतःला सांगितलं. ते वाक्य मनात तयारच होतं, पत्रकात शोभलं असतं. चार दिवसांनी ती जोडी मला कागदावर 'सापडली'. अर्ज गेला, पाचशे पत्रकं छापली : 'गव्हाणच्या तळ्यात जगातील अतिदुर्मीळ मासा!' ह्या सगळ्या दिवसांत बाई पेणला पुतणीकडे होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, दुसऱ्याने आधीच धड दिसत नव्हतं. बाईंना ह्यातलं काही वाचता येणार नाही, हे मी धरून चालले होते. हो, तेही.

बाईंच्या घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे होती. डेंग्यूचे दिवस. सोसायटीने धुराचं मशीन बोलावलं. वहिनींना वाटलं, डासांची बादली बाईंकडे, तेव्हा धूर तिथेच जास्त हवा. त्यांनी दार उघडून खोल्या भरभरून धूर घेतला. चांगल्या मनाने घेतला. मला त्यांच्यावर रागावता येत नाही, आणि असं माझ्या बाबतीत फार थोड्यांचं होतं. हे मासे श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतात. आले, आणि विषारी धूर घेतला. संध्याकाळपर्यंत सगळ्या टाक्यांत पांढरी पोटं वर तरंगत होती. वहिनींनी पेणला फोन केला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आमच्या दारात थांबली. काळा चष्मा लावलेल्या बाई, हातात स्टीलचा मोठा डबा. आईने हात धरून आत आणलं.

"सगळे गेले," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "आता वाण फक्त तुझ्याकडे आहे. डबा आणलाय."

आई चहा टाकायला आत गेली. बाई चाचपडत माझ्या टाकीपाशी गेल्या, काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिल्या.

"उडी मारली का? झाकण उघडं राहिलं असेल. होतं असं कधीकधी."

पळवाट बाईंनीच काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. मी हो म्हणणारही होते. पण त्या उत्तरासाठी कान देऊन उभ्या होत्या, आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवणार होत्या.

"बाई, मी तळ्यात सोडली. मुद्दाम." आणि मग सगळं सांगितलं.

"पत्रक आहे का घरात?"

"आहे."

"वाच."

मी माझं पत्रक बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. 'निसर्गानेच दिलेला कौल', 'हा मूक साक्षीदार', सगळं. आयुष्यात तेवढं लांब पत्रक मी वाचलेलं नाही. चहाचे कप घेऊन आलेली आई दारातच थांबली होती. संपल्यावर बाईंनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"सोळा."

"सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येतं? आणि वारा?"

"बाई, तुम्ही मला बोला ना काहीतरी."

"बोलायचं नंतर बघू. आधी जोडी. वाण गेलं तर बोलून काय करू?"

दुसऱ्या सकाळपासून आम्ही तळ्यावर. डॉक्टरांनी बाईंना वाकायला आणि पाण्यात उतरायला मनाई केली होती. त्या बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, मी कमरेएवढ्या पाण्यात. जाळं टाकायचं नाही, पाणी ढवळायचं नाही. जिथे सावली आहे, वारा लागत नाही, वर पान आहे, तिथेच बघायचं. "जागा वाईट निवडली नाहीस," बाई म्हणाल्या. "पाणी मचूळ आहे, त्यांना चालेल. जगली असतील." मग म्हणाल्या, "मला दिसत नाही. तू बघ, आणि दिसेल तेच सांग."

"बाई, तिकडे काहीतरी हललं, तोच असेल बहुतेक."

"बहुतेक नको. दिसला?"

"नाही."

"मग पुढे चल."

चाळणीत जे येईल त्याचं नाव, जागा आणि वेळ वहीत लिहायची, असा त्यांचा हुकूम. मला ती शिक्षा वाटली. निवट्या आल्या, खरब्या आल्या, खवल्या आल्या. कोळंबीसाठी बाईंनी वेगळं पान करायला लावलं. तिसऱ्या दिवशी एक बोटभर पिल्लू आलं, डोक्यावर पांढरी रेघ. मला ओळखेना. बांधावरून माझी काकी भाताचा डबा घेऊन चालली होती, ती थांबली.

"बाय, तीन दिस बघतंय, मासा काय सोन्याचा हाय का? आन ह्यो जिताड्याचा पोर हाय. येवढा पन म्हाईत नाय तुला?"

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "जिताडा? इथे? तुम्ही स्वतः पाहिलाय ह्या तळ्यात?"

"पायलाय म्हंजे? खाल्लाय! उधानाला नालीतना आत येतो. आमी काय आज बघतो का?"

काकी गेली. बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "जिताडा समुद्रात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात. अहवालात काय लिहिलंय म्हणालीस?"

'खाडीशी संबंध नाही.' मी पाण्यात तशीच उभी राहिले. चार वर्षं मी खाजणावर पत्रकं लिहीत होते. जगात कुठे नसलेला मासा मी माझ्या तळ्यात आणून सोडला होता, आणि ज्या माशाने काम झालं असतं तो मी लहानपणापासून कालवणात खात आले होते. काकीला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. अहवालवाल्याला शिव्या देताना हे आता माझ्या घशात अडकतं.

आठव्या सकाळी मला एका तरंगत्या पानाच्या कडेला फेस दिसला.

"बाई, फेस दिसतोय."

"कसला?"

"बारीक. एकसारखे बुडबुडे. पानाला चिकटलेत."

"खाली कोण आहे?"

मी मान खाली नेली, जवळजवळ पाण्याला नाक लावलं. "तो आहे."

"दिसतोय की वाटतंय?"

"दिसतोय, बाई. हिरवे खवले दिसताहेत. आणि बुडबुड्यांखाली शेपट्या लोंबताहेत. धाग्यासारख्या."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "किती?"

"मोजता येत नाहीत."

"मग 'मोजता येत नाहीत' असंच लिही."

वाण जिवंत होतं. माझ्या एका हातात स्टीलचा डबा होता आणि दुसऱ्या हातात फोन, कारण वेळ फोनवर बघून लिहायची असे. अतिदुर्मीळ माशाचं उघड्या तळ्यात घरटं, खाली पिल्लं, वर बाप. सुनावणी चार दिवसांवर. ह्या फोटोवर मी तळं वाचवलं असतं, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. बाईंना माझा फोन दिसतच नव्हता. मी तो ओल्या हाताने ओढणीत गुंडाळला, डबा पानाखाली बुडवला आणि पान, फेस, पाणी, पिल्लं, सगळं जसंच्या तसं उचललं. मग नराला चाळणीत घेतलं. बाईंनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि रिक्षा पनवेलला पोचेपर्यंत तो खाली ठेवला नाही. मादी आम्हाला मिळाली नाही. थंडी पडेपर्यंत आम्ही येऊन शोधत राहिलो, दुसरं घरटंही दिसलं नाही.

सुनावणीला बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मी उभी राहून म्हटलं, "साहेब, आमचा पहिला अर्ज मागे घेते. ते मासे तळ्यातले नव्हते. मी सोडले होते." ट्रकवाल्यांचा माणूस खुर्चीत मागे रेलून हसला. साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे अर्ज खोटा होता?" "हो." खोलीत माझे मित्र होते, गावातली माणसं होती. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मग मी वही पुढे ठेवली आणि दुसरा अर्ज, तळ्यात खरोखर सापडलेल्या माशांचा.

"साहेब, हे मासे काय, कुठेही मिळतात," तो माणूस म्हणाला.

"कुठेही म्हणजे कुठे?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. स्टँड भरून टाकणारा तो आवाज त्या खोलीत मावत नव्हता. "गावाचं नाव सांगा. खिडकीवर येऊन 'कुठेही' म्हणणाऱ्याला मला कधी गाडी सांगता आली नाही."

लोक हसले. साहेब वही चाळत होते. 'जिताडा' ह्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "जिताडा? ह्या तळ्यात?" ते रायगडचेच असावेत. अहवालापेक्षा त्यांना तो मासा जास्त कळत होता. त्यांनी उधाणाच्या दिवशी पाहणी ठेवली. त्या दिवशी नालीतून भरतीचं पाणी वळवळत आत आलं आणि साहेबांचे बूट भिजले. भराव थांबवण्याचा आदेश निघाला. पहिल्या अर्जाबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. तळं आज आहे.

घरट्यातली एकोणीस पिल्लं जगली. बाईंनी कोबीचं पान कुजवून त्या पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर ती वाढवली. टाकीवर नवी चिठ्ठी लागली. तीत पूर्वीची सगळी माहिती होती आणि खाली एक नवी ओळ : 'मधल्या काळात चोवीस दिवस गव्हाणच्या तळ्यात.' त्यापुढे सोडणारीचं नाव, माझं, पूर्ण.

"बाई, हे लिहायलाच हवं का?"

"घडलं ना?"

मग दोन वर्षं त्यांनी मला जोडी दिली नाही. एक कोल्हापूरला दिली, एक डोंबिवलीला. मी मागितली नाही. दर रविवारी जात राहिले, पानं वेचत राहिले, अळ्या गाळत राहिले. बोलायचं नंतर बघू असं म्हणाल्या होत्या, पण त्या मला त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत. आपली माणसं असं मोठेपण भाषणात सांगतात. मी ते रविवारचं रविवार पाहिलं आहे.

मागच्या वर्षी त्यांची तब्येत ढासळली आणि पुतणी त्यांना कायमचं पेणला घेऊन गेली. त्या सकाळी आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. आत लोखंडी मांडणी, टाक्या, बादल्या, आणि पुढच्या सीटवर मांडीवर पिशव्या घेतलेल्या बाई. मला विचारलंही नव्हतं. "मांडणी कुठे ठेवायची ते तुझ्या आईला विचार," म्हणाल्या. "ऊन थेट येता कामा नये." मासे उतरेपर्यंत थांबल्या, प्रत्येक पिशवी माझ्या हातात स्वतः दिली आणि त्याच टेम्पोने पेणला गेल्या. थंडीत गेल्याच. अंत्यविधीला स्टँडवरचे चार कंडक्टर आले होते. माशांची माणसं दोघंच, कोल्हापूरचा आणि मी.

परवा कुडाळहून एका मुलाचा फोन आला. त्याला ह्या वाणाची जोडी हवी होती. टाकी तयार होती, पाणी महिनाभर मुरत ठेवलं होतं.

"वाण शुद्ध आहे ना, ताई? मध्ये कुठे काही गडबड नाही ना?"

आमच्या तळ्यात त्या जातीचा दुसरा मासा नव्हता, त्यामुळे सरमिसळ होणं शक्य नव्हतं. 'शुद्ध आहे' एवढं म्हणून भागलं असतं आणि ते खरंही होतं. मी त्याला तळ्याचं सांगितलं. सोळा दिवस, आठ दिवस, पत्रक, अर्ज, सगळं.

"हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"नसतं चाललं."



"मग मी कधी येऊ, ताई?"